उसनी जीभ

डॉक्टरीणबाईंनी एवारिस्तोला चार गोष्टी बंद केल्या. सिगार, रम, मीठ आणि ग्रेपफ्रूट. पहिल्या तिन्हींना तो शहाण्या मुलासारखा मान डोलावत राहिला. चौथीला हसला. त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

"थट्टा नाही आजोबा," ती म्हणाली. "तुमच्या हृदयाच्या गोळ्या आणि ग्रेपफ्रूट यांचं आपसात वाकडं आहे. दोन्ही पोटात गेली की गोळीचा जोर वाढतो आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. एक फोडसुद्धा चालणार नाही."

"आणि संत्रं?"

"संत्रं खा."

"लिंबू?"

"लिंबूही खा. फक्त ग्रेपफ्रूट नको."

"म्हणजे घरात खुशाल राहा, फक्त श्वास घेऊ नका," एवारिस्तो म्हणाला आणि टोपी उचलून बाहेर पडला. गोळ्यांची चिठ्ठी मीच घेतली. या घरात नवऱ्याच्या चिठ्ठ्या घेणं माझ्याकडेच आहे.

डॉक्टरीणबाई तिकडच्या मोठ्या बेटावरच्या, सांतियागोकडच्या. आमच्या छोट्या बेटावर येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडच्या माणसाला ग्रेपफ्रूट बंद कर म्हणणं म्हणजे काय, ते त्यांना कसं कळावं? आणि त्यातही हा माणूस. एवारिस्तोने सारा जन्म ग्रेपफ्रूटच्या बागेत काढला, तोही नुसता तोडण्यात नाही, तर निवडण्यात. तोडणी सुरू व्हायच्या आधी तो एकटा पुढे जायचा. या रांगेतून एक, त्या रांगेतून एक असं फळ काढून सुरीने कापायचा, चाखायचा आणि सांगायचा, या रांगा पेटीत घाला, त्या रस काढायला पाठवा, आणि त्या पलीकडच्या आणखी दोन आठवडे राहू द्या, थंड वारं लागलं की गोड होतील. पेट्या बोटीने युरोपात जायच्या. तिकडे कोण खायचं, ते आम्ही कधी पाहिलं नाही.

त्याचे नियम त्याने लग्नात, बारशात आणि मयतीतही लोकांना ऐकवलेत. फळ दिसतं त्याहून हाताला जड लागलं पाहिजे. बूड चपटं पाहिजे. देठाकडे निमुळतं असेल तर सोडून दे, ती नुसती साल. आणि तुकतुकीत, गोरंगोमटं फळ दुसऱ्याला दे; ज्याच्या सालीवर तांबूस डाग पडलेत, जे बघून बाजारातल्या बाया नाक मुरडतात, ते तू घे. गोडी डागाळलेल्यात असते. माझ्या गालावर लहानपणी उकळतं तेल उडाल्याचा डाग आहे. आमच्या आईने त्याला विचारलं होतं, माझ्या पोरीत तू काय पाहिलंस रे? तर हा बाबा म्हणतो, "डाग." आई त्याच्याशी वर्षभर बोलली नाही.

जातींबद्दलही त्याची मतं होती. बागेत जिकडे बघावं तिकडे मार्श, कारण मार्शला बी नसते आणि परदेशातल्या लोकांना बी थुंकायची लाज वाटते. एवारिस्तोच्या मते मार्श म्हणजे पाण्याला लांबून साखर दाखवलेली. रुबीचा गर लाल. तिला तो 'लिपस्टिकवाली' म्हणायचा. खरी जात एकच, डंकन. फार पूर्वी अमेरिकन मळेवाले इथे होते, त्यांनी लावलेली. एकेका फळात मूठमूठ बिया, पण गोडी अशी की बियांचं कुणाला काही वाटू नये. नवी बाग लावताना डंकनची झाडं सरसकट तोडली. एक तेवढं चुकून राहिलं, मी जिथे स्वयंपाकाला होते त्या शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ. दूरदूरच्या देशांतली पोरं त्या शाळेत राहायची, सकाळी वर्गात आणि दुपारी बागेत. पण त्या झाडाला कुणी हात लावायचं नाही. ते इदानियाचं झाड होतं. इदानिया आमची मुलगी, एकुलती एक. ती दुसऱ्या कुठल्या झाडाचं फळ तोंडात घालायची नाही, अगदी बापाने आणून दिलं तरी.

मला स्वतःला ग्रेपफ्रूट आवडत नाही. आमच्या बेटावर हे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून मी कधी बोलले नाही. पण एवारिस्तोला माहीत होतं.

फळ बंद झाल्यावर तो चिडचिडा झाला. जेवण झालं की तोंडात काही तरी राहिल्यासारखा बसून राहायचा. मला दया आली. मी काय केलं, तर सालींचा गोड पदार्थ करायला घेतला. वरची पिवळी साल खरवडून टाकायची, आतली पांढरी जाड साल पाण्यात उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची, पुन्हा फेकायचं, कडूपणा पुरता जाईपर्यंत. मग साखरेच्या पाकात दालचिनी घालून मुरवायची. सोबत पांढऱ्या चीजचे काप. रोज दुपारी वाटीभर द्यायचे. तो खूश, मी खूश. दुसऱ्या आठवड्यात तो कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आडवा झाला. ओठ पांढरे, नाडी हाताला लागेना. शेजारच्या आर्कादियोने त्याला घोडागाडीत घातलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

"ग्रेपफ्रूट खाल्लं का यांनी?" डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला.

"आईची शपथ, फोडसुद्धा नाही!"

"मग जेवणात काय काय होतं?"

"भात, काळा घेवडा, उकडलेला कंद. आणि पाकातल्या साली."

"कसल्या साली?"

"कसल्या म्हणजे? ग्रेपफ्रूटच्या."

त्यांनी डोक्याला हात लावला. पण मागे उभी असलेली नर्स, ती आमच्या बेटावरची, ती म्हणाली, "डॉक्टर, पण साली म्हणजे काही फळ नव्हे. तो गोडाचा पदार्थ आहे." मी म्हटलं, तेच तर सांगतेय. आम्ही दोघी एका बाजूला आणि डॉक्टरीणबाई दुसऱ्या. पण पलंगावर एवारिस्तो होता, नळ्या लावलेला, आणि त्याचा हात एवढा गार होता की मला वाद घालायचं सुचेना. माझ्या हाताने मी त्याला मारायला निघाले होते, वर दालचिनी घालून. त्या दिवशी जी भीती माझ्या पोटात शिरली, ती अजून गेलेली नाही.

तो उठला, बरा झाला. घरातून ग्रेपफ्रूट हद्दपार झालं. परसातलं झाड तसंही पिवळं पडून मेलं होतं. तो रोग बेटभर आहे. बाग तर कधीच मोडली. बोटी यायच्या बंद झाल्या, खत यायचं बंद झालं, आणि त्या सगळ्या रांगांवर माराबूचं काटेरी रान चढलं. एकदा ते चढलं की गाय आत गेली तरी परत मिळत नाही.

मग जानेवारीत इदानियाचा फोन आला. ती परदेशात, मोंतेविदेओला असते. तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करते, त्यांना अंघोळ घालते, भरवते. दुसऱ्यांच्या आईबापांना. गेली तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती. आता फोनवर दिसतात ते केस आखूड आहेत आणि कानशिलावर पांढरे. मी त्याबद्दल कधी बोलत नाही. पहिली काही वर्षं ती म्हणायची, 'मी येईन तेव्हा हे करू, मी येईन तेव्हा ते करू.' पुढे पुढे ते म्हणेनाशी झाली. आम्हीही विचारेनासे झालो. जखमेवरची खपली कोण काढणार?

त्या दिवशी तिने फोनसमोर एक ग्रेपफ्रूट धरलं. चकचकीत, वर कागदाची टिकली चिकटवलेली.

"पप्पा, कसं आहे सांगा."

"देठाकडे निमुळतं आहे," एवारिस्तो म्हणाला. "कापूच नकोस."

"कापलं की एक. हे दुसरं. पहिलं टाकून दिलं. सगळीच टाकून देते मी, तरी दर वेळी घेते. वेडी आहे ना मी?" ती हसली. मग म्हणाली, "पप्पा, टाकीजवळचं झाड आहे ना अजून?"

"आहे की! जाणार कुठे?"

"मी येईन तेव्हा..." ती म्हणाली आणि थांबली. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

शाळा बंद पडली तेव्हापासून आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकलेलं नव्हतं. वादळात टाकी पडली, एवढं ऐकलं होतं. शाळेच्या भिंतींचे ठोकळे लोकांनी आपापल्या घरांना नेले, त्यातले कुणी दिलेले चार आमच्याही खुराड्याला आहेत.

"आहे म्हणालास?" मी म्हटलं.

"मग काय म्हणू?"

"आणि नसलं तर?"

"असलं तर त्याच्या काड्या आणून आपल्या परसात आंबट संत्र्याच्या खुंटावर डोळा भरून कलम करतो. चार वर्षांत फळ धरेल. माराबूने गिळायच्या आत झाड सापडलं पाहिजे, बस." असं म्हणून तो सुरीला धार लावायला बसला. मग जरा वेळाने, सुरीकडेच बघत म्हणाला, "पण चाखणार कोण?"

अशी माझी जीभ कामाला लागली.

आर्कादियो आम्हाला आठवड्यातून दोनतीनदा गाडीतून न्यायचा. शाळेभोवतालची बाग म्हणजे पूर्वी नजर पोचणार नाही एवढी, आणि आता सगळीकडे सारखंच रान. कुठे टाकी होती, कुठे स्वयंपाकघर, काही ठरवता येईना. माराबूतून कुठे ग्रेपफ्रूटचा शेंडा वर आलेला दिसला की आर्कादियो आणि एवारिस्तो कोयत्याने वाट करायचे. एवारिस्तो फळ निवडायचा, सोलायचा, मला द्यायचा. मी एक फोड खायची आणि बाकी फेकून द्यायची. चवीपुरतं चाखायचं, पोट भरायला नाही, हा त्याचा धंद्याचा नियम.

"कसं आहे?"

"आंबट."

"आंबट कसं? पहिल्यांदा लागतं का शेवटी? जिभेच्या टोकाला का कडेला?"

"आंबट म्हणजे आंबट! तोंडात आंबट!"

"बाई, मी आंधळा असतो आणि तुला विचारलं असतं की समोर काय दिसतं, तर तू म्हणाली असतीस, 'दिसतं'."

"मग दुसरी जीभ बघ ना! गावात पुष्कळ आहेत."

"तुझ्याएवढी लांब नाही कुणाची," तो म्हणायचा. आर्कादियो घोडीच्या गळ्यात पडून हसायचा. "सारा जन्म या बाईच्या जिभेला घाबरलास," तो म्हणायचा, "आणि आता तिच्यावाचून तुझं अडलं. देव आहे रे बाबा!"

पण हळूहळू मला जमायला लागलं. मी म्हणायला शिकले की हे सुरुवातीला गोड आणि मग पाण्यासारखं सरतं, तर तो म्हणायचा, "मार्श." हे घशापाशी तुरट होतं, तर म्हणायचा, "कलमाखालच्या खुंटावरून फुटलेलं, टाक." एकदा मी म्हटलं, हे गोड आहे, पण याला काही म्हणायचं नाहीये. तो सुरी मिटून म्हणाला, "नेरेइदा, हे तू फार छान बोललीस." लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या बोलण्याला कुणी छान म्हटल्याची ती पहिली वेळ. मी घरी येईपर्यंत कुणाशी भांडले नाही.

मी चाखत असले की तो माझ्या तोंडाकडे असा बघायचा की मला लाज वाटायची. भुकेलं मूल बघतं तसं. त्याला बिचाऱ्याला किती आठवण येत होती, ते मला तेव्हा कळलं. फळाची, बागेची, इदानियाची, सगळ्याची एकत्रच. त्यातली एक कुठली सोडवून बाजूला काढता आली नसती.

फेब्रुवारीत एके दिवशी परत येताना गाडीत तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. ते झाड सापडलं की मी एक फोड खाणार."

"काय म्हणालास?"

"एकच. ते डंकनच आहे की नाही, ते मलाच ठरवलं पाहिजे."

"मी काय माती चाखतेय का इतके दिवस?"

"तसं नाही ग."

"आणि मेलास तर?"

"तर गोड तोंडाने मेलो म्हण."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आर्कादियोने घोडीला उगाच चाबूक दाखवला आणि मान पुढे केली ती घर येईपर्यंत मागे वळवली नाही. एवारिस्तो मात्र शांत. त्याचं असं शांत होणं मला ठाऊक आहे. ठरवलेलं असतं तेव्हा तो असा होतो. इदानियाला जाऊ द्यायचं त्याने ठरवलं तेव्हाही असाच गप्प बसला होता.

तेव्हा मीही ठरवलं. ते झाड माझ्या जिभेला लागलं तर मी म्हणणार, कडू. माझ्या जिभेशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी कडू म्हटलं की तो पुढे जाणार, काड्या कापायचा नाही, पावसाळ्यात माराबू त्या झाडावर चढणार आणि विषय संपणार. इदानियाचं झाड माझ्या एका शब्दाने जाणार हे मला पक्कं कळत होतं. पण एका झाडासाठी मी नवरा देणार नाही, पोरीचं असलं तरी नाही. असं मी स्वतःला दर सकाळी सांगायचे आणि मनातून रोज देवाकडे मागायचे की ते झाड सापडूच नये.

सापडलं ते एवारिस्तोच्या पायाला. कोयता चालवता चालवता तो ठेचकाळला. गवत बाजूला केलं तर खाली सिमेंटचा तुटका गोल कठडा. टाकीचा पाया. आर्कादियो घोडीला पाणी दाखवायला ओढ्यावर गेला होता. आम्ही दोघंच होतो.

कठड्याच्या पलीकडे एक झाड होतं, कललेलं, अर्धं वाळलेलं. खालच्या फांद्यांत माराबू शिरलं होतं. वरच्या बाजूला उन्हात मोजकी फळं होती, तांबूस डागांनी भरलेली, कुणी फुकट नेली नसती अशी. एवारिस्तोने एक फांदी वाकवली, एक फळ काढलं आणि तळहातावर नुसतं धरलं. मग कठड्यावर बसून ते सोललं, पांढरा पापुद्रा काढला, बोटं पँटला पुसली, चाटली नाहीत, आणि अख्खं फळ माझ्या हातावर ठेवलं.

मी पहिली फोड तोंडात घातली.

काय सांगू? पहिल्यांदा गोडी आली, मग मागून हलकासा कडवटपणा, आणि त्या कडवटपणावरून पुन्हा गोडी. आणि मी स्वयंपाकघराच्या पायरीवर होते. इदानिया पायरीवर बसलीय, समोरचे दोन दात पडलेत, रस कोपरापर्यंत ओघळतोय, बिया माझ्या एप्रनच्या खिशात थुंकतेय. पोट भरलं की उरलेल्या फोडी माझ्या तोंडात कोंबायची, "आई, तू संपव." माझ्या एका हातात पळी, चुलीवर दोनशे पोरांचा भात, मी उभ्या उभ्या ते उष्टं गिळायचे. मला ग्रेपफ्रूट आवडत नाही हे खरंच आहे. पण हे मी कधी ग्रेपफ्रूट म्हणून खाल्लंच नव्हतं. हे माझ्या लेकीचं उष्टं होतं. मला तिची इतकी आठवण आली, इतकी आली, की फोनवर तिचा चेहरा बघतानाही कधी तेवढी आलेली नाही. ती इथे हवी होती, आत्ता, दात पडलेली किंवा केस पिकलेली, कशीही चालली असती.

"कसं आहे?" एवारिस्तोने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माराबूच्या काट्यांकडे बघत, अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "कडू. पाणचट आणि वर कडू. चल, ऊन चढतंय."

तो हलला नाही.

"नेरेइदा."

"काय?"

"बाकीचं कुठाय?"

"कसलं बाकीचं?"

"मी तुला अख्खं दिलं होतं."

मी खाली पाहिलं. माझ्या हातात एकही फोड नव्हती. मुठीत नुसत्या बिया होत्या, हनुवटी ओली होती आणि रस मनगटावरून बाहीत गेला होता. कधी खाल्लं, देवाला माहीत.

"कडू होतं म्हणे," एवारिस्तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तो उठला, फांदी वाकवली आणि दुसरं फळ काढलं.

मी बिया टाकल्या आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं. कोयता, काटे, कशाचं भान नव्हतं. "खाऊ नकोस," मी म्हटलं. "एवारिस्तो, हेच ते. शपथ घेऊन सांगते, हेच. मी खोटं बोलले. काड्या काप, परसात लाव, काय हवं ते कर. पण खाऊ नकोस."

"एकच फोड ग."

"एकही नाही. तिची वाट बघताना मी रडत नाही, ती का? तू शेजारी असतोस म्हणून. तू गेलास तर मी वाट कुणाबरोबर बघू?"

फळ त्याच्या हातात आणि त्याचं मनगट माझ्या. रानात कुठे तरी आर्कादियो घोडीला शिव्या देत होता. एवारिस्तोने ते फळ नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि इतका वेळ धरून ठेवलं की मला वाटलं, आता हा ऐकत नाही. मग त्याने सुरी उघडली. साल सोलली, सावकाश, एका लांब पट्टीत. पापुद्रा काढला, एक धागा राहू दिला नाही. सुरी पानावर पुसली.

"खाली बस," तो म्हणाला.

मी कठड्यावर बसले. त्याने फळ माझ्या ओंजळीत ठेवलं आणि समोर उकिडवा बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, रांगेच्या टोकाशी बसायचा तसा.

"आता खा. सावकाश. आणि या वेळी खरं सांग."

मी पहिली फोड खाल्ली आणि सांगितलं. कुठे गोड लागतं ते सांगितलं, कडवटपणा कुठून येतो आणि कुठे विरतो ते सांगितलं. दुसरी खाल्ली आणि पायरीचं सांगितलं, कोपरावरच्या ओघळाचं, पडलेल्या दातांचं. तिसरीला मला बोलता येईना, तर तो म्हणाला, "असू दे, आधी गीळ." मी गिळलं. तो माझ्या तोंडावरून नजर न हलवता बसला होता, ओठ घट्ट मिटून, आणि माझ्या प्रत्येक घासाबरोबर त्याच्या गळ्याची घाटी खाली जात होती आणि वर येत होती.